नॅस घेतला खरा, पण कॉपी संपता संपत नाही (मदत हवी आहे)

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आता गळ्याशी आलंय म्हणून लिहिते आहे.

आमच्या घरात २००५ पासूनचे फोटो आहेत. आधी सीडीवर, मग पोर्टेबल डिस्कवर, मग फोनमध्ये. गूगलने १ जून २०२१ पासून फुकट अमर्याद साठवणं बंद केलं, तेव्हापासून १५ जीबी भरलं की काय पुसायचं यावरून घरात वाद. नवऱ्याचे ट्रेकचे व्हिडिओ आहेत, एकेक फाइल चार-पाच जीबीची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाबांच्या कीर्तनांच्या कॅसेट. त्या भावाने संगणकावर उतरवून घेतल्या आहेत. त्या गेल्या तर परत मिळणार नाहीत.

म्हणून दिवाळीत दोन डिस्कचा नॅस (घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून वापरता येणारा डिस्कचा डबा) घेतला. ४ टीबीच्या दोन डिस्क, रेड १, म्हणजे जे एकीवर तेच दुसरीवर. राउटर दाराशी आहे, नॅस आतल्या खोलीत ठेवलाय आणि भिंतीतल्या लॅन पॉइंटला जोडलाय. माझा लॅपटॉप राउटरला वायरने.

तर आता तक्रारी. कॉपीचा वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही. खोक्यावर गिगाबिट लिहिलंय. ४ टीबीची डिस्क ३.६ दाखवते. नवऱ्याच्या नव्या लॅपटॉपला नॅस दिसतो पण उघडत नाही, माझ्या जुन्यावर मात्र उघडतो. साताऱ्याला माहेरी गेले तर तिथून काहीच दिसत नाही. आणि रात्री त्या खोलीत झोपणाऱ्या सासूबाई म्हणतात की कपाटात कोणीतरी दाणे भाजतंय.

दुकानदार म्हणतो इंटरनेटचा प्रॉब्लेम. इंटरनेटवाला म्हणतो डब्याचा प्रॉब्लेम. मी हिशेबाचं काम करते, संगणकाचं नाही, तेव्हा जरा सोप्या भाषेत सांगा.

पेठेतला_पेन्शनर

कीर्तनाच्या कॅसेट चाळीस वर्षं टिकल्या ना? मग कॅसेटच ठेवा. आमच्याकडे टेपरेकॉर्डर चालू स्थितीत आहे.

क्रिंपिंगवाला

ताई, ११ हा आकडाच सगळं सांगतोय. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ८ ने भागा, साडेबारा. वरखर्च जाता हातात ११-१२ राहतात. गिगाबिटला हाच हिशेब १२५ आणि हातात साधारण ११०. म्हणजे लॅपटॉप ते नॅस या वाटेवर कुठेतरी जोडणी गिगाबिटऐवजी १०० वर ठरली आहे. वायफायचा घोळ असता तर आकडा वरखाली नाचला असता. तुमचा एका जागी खिळून बसलाय, म्हणजे वायर.

कारण असं: १०० ला वायरीतल्या दोनच जोड्या पुरतात, १-२ आणि ३-६ नंबरच्या तारा. गिगाबिटला चारही जोड्या, म्हणजे आठच्या आठ तारा लागतात. बाकीच्या चारपैकी एक तार जरी सुटली तरी दोन्ही टोकांची यंत्रं आपापसात ठरवून १०० वर येतात आणि कुणाला सांगत नाहीत. काही यंत्रांवर पोर्टच्या दिव्याचा रंग बदलतो, तेवढीच खूण.

तपासायला काही लागत नाही. नॅस उचला, राउटरशेजारी ठेवा, खोक्यात आलेल्या छोट्या केबलने जोडा आणि एक मोठा व्हिडिओ कॉपी करून बघा. ११० आले तर दोषी भिंत. तिथेही ११ आले तर लॅपटॉपची वायर किंवा त्याचं पोर्ट. काही राउटर अजूनही १०० च्या पोर्टचे येतात, तेही मागे लेबलवर वाचा.

दोन टीबी माल असेल तर ११ च्या वेगाने दोन दिवसांहून जास्त लागतात. ११० ने पाच तास. बारीक फोटो लाखभर असतील तर दोन्हीकडे आणखी वेळ लागेल, कारण प्रत्येक फाइलमागे उघड-बंद असते.

३.६ चं म्हणाल तर काही चोरीला गेलेलं नाही. डिस्क बनवणारे १००० ने मोजतात, विंडोज १०२४ ने. ४ टीबीचे ३.६४ होतात.

हडपसरी

+१. आमच्या सोसायटीत बिल्डरने 'प्रत्येक खोलीत लॅन' असं ब्रोशरमध्ये छापलं होतं. पॉइंट होते. काहींच्या मागे वायरच नव्हती.

सिंहगडरोडकर

क्रिंपिंगवाला, दंडवत! राउटरशेजारी नेल्यावर १०८ आले. मग इलेक्ट्रिशियनला बोलावून भिंतीची प्लेट उघडली. वायर चांगली आहे, आठ तारांची. पण लॅन पॉइंटला चारच जोडल्यात. उरलेल्या चारपैकी निळी जोडी इंटरकॉमला लावलीय! म्हणजे वॉचमनचा फोन आणि माझे फोटो एकाच वायरीतून. इलेक्ट्रिशियन म्हणाला, 'ताई, तेव्हा सगळीकडे असंच करायचे, वायर वाचायची.'

आता काय करू? इंटरकॉम काढला तर सासूबाईंचा भाजीवाला कसा वर येणार?

क्रिंपिंगवाला

इंटरकॉम बंद करू नका, घरात कलह होईल. त्याच पाइपातून नवी कॅट ६ (गिगाबिटला चालणारी आठ तारांची वायर) ओढून घ्या. जुन्या वायरीला नवी बांधून दुसऱ्या टोकाने ओढतात, पाइप तुंबलेला नसेल तर काम पटकन होतं. तापकीर गल्लीत वायर मीटरवर मिळते. फक्त शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, ती वाकवली की तुटते आणि लांब अंतरावर त्रास देते. ओळख सोपी आहे: टोक खरवडा, आतून पांढरी दिसली तर परत करा. आणि इलेक्ट्रिशियनला सांगून ठेवा की दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा. आठ तारा कशाही जोडल्या की झालं असं नसतं, जोड्या जोड्यांनीच जायला हव्यात.

वायर ओढायची नसेल तर नॅस सरळ राउटरशेजारी दाराशी ठेवा. सासूबाईंच्या झोपेचाही प्रश्न सुटेल.

पेठेतला_पेन्शनर

दाराशी चपलांच्या कपाटात ठेवू नका म्हणजे झालं. आमच्या पुतण्याने ठेवला होता. चपलांचा वास आणि डब्याची गरमी, दोन्ही एकदम बाहेर यायचं.

औंधचा_एकटा

हसण्यावारी नेऊ नका, हा मुद्दा खरा आहे. बंद कपाटात पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. डिस्क चाळीसच्या आत राहिली तर बरी, पन्नासच्या पुढे गेली तर जागा बदलाच. तापमान नॅसच्या पडद्यावर दिसतं. आवाजासाठी डब्याच्या खाली जुन्या माउसपॅडचे तुकडे घाला, निम्मा आवाज टेबलाच्या फळीतून येतो. दाणे भाजल्यासारखा कटकट आवाज म्हणजे डिस्कचं डोकं हलतंय, आणि नवीन नॅसमध्ये ते सुरुवातीला अखंड चालतं कारण तो फोटोंच्या छोट्या प्रती आणि सूची बनवत असतो. ते संपलं की रात्री शांत होईल. ते काम दिवसा करण्याची वेळ ठरवून देता येते.

नव्या लॅपटॉपबद्दल. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आहे का, आणि प्रो आहे का? तिथे दोन गोष्टी बदलल्या आहेत. पासवर्डशिवाय, म्हणजे 'गेस्ट' म्हणून शेअर उघडू देत नाहीत, आणि एसएमबीच्या (विंडोजची नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची पद्धत) प्रत्येक निरोपावर सही लागते. इंटरनेटवर यावर उपाय म्हणून रजिस्ट्रीत बदल करायला सांगणारे व्हिडिओ सापडतील. ते करू नका. नॅसवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं उघडा, पासवर्ड द्या, त्याच नावाने लॅपटॉपवरून जा. एवढंच लागतं.

आणि जुना टीव्ही चालावा म्हणून कुणी 'एसएमबी १ (त्याच पद्धतीची जुनी आवृत्ती) चालू करा' म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून पसरला होता.

सिंहगडरोडकर

हो, २४एच२ प्रो. वेगळी खाती केली, उघडलं. धन्यवाद. आता साताऱ्याचं सांगा ना कुणीतरी.

बाणेरमधला_बापू

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करा, म्हणजे बाहेरून ५००० नंबरच्या पोर्टवर येणारं सगळं नॅसकडे वळवा, डीडीएनएस (घरचा पत्ता बदलला तरी नाव तेच ठेवणारी सोय) लावा, झालं. पाच मिनिटांचं काम.

औंधचा_एकटा

बापूसाहेब, नको. कृपया नको. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट हा खंडणी मागणारा व्हायरस आला तो असे इंटरनेटवर उघडे ठेवलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस शोधूनच. फाइल कुलूपबंद करून ०.०३ बिटकॉइन मागत होता, आणि मागणी थेट नॅसच्या लॉगिनच्या पानावर झळकत होती. त्याआधी जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलचे जुने माय बुक लाइव्ह डबे जगभर लोकांच्या घरात बसल्या बसल्या कोरे झाले. वापरणाऱ्यांनी काही केलं नव्हतं. डबा इंटरनेटवर उघडा होता एवढंच.

बाणेरमधला_बापू

माझा बरीच वर्षं उघडा आहे, काही झालं नाही.

हडपसरी

बापू, तुमचा पत्ता कुणाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नका म्हणजे झालं.

तसंही ताईंकडे पोर्ट फॉरवर्डिंग चालेलच असं नाही. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यामधल्या आकड्याने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीने अनेक घरांना मिळून एकच खरा पत्ता दिलाय. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते संपत आले म्हणून २०१२ मध्ये हा पट्टा मुद्दाम राखून ठेवला गेला. तुमचं दार कुठल्या रस्त्यावर आहे हे बाहेरून कळतच नाही, मग कितीही पोर्ट उघडा.

मी हे माझ्या कंपनीच्या कस्टमर केअरला विचारलं होतं. मी सीजीनॅट म्हटलं, समोरची मुलगी म्हणाली, 'सर, तुमचं बिल भरलेलं दिसतंय.' पुन्हा सांगितलं, तर माणूस पाठवला. त्याने राउटर बंद करून चालू केला, स्पीड टेस्टचा फोटो काढला आणि तक्रार मिटली असा मेसेज आला. शेवटी स्थानिक केबलवाल्याच्या पोराने गच्चीत सिगरेट ओढता ओढता मला नीट समजावलं. त्याच्याकडे वर्षाचे पैसे भरून स्थिर पत्ता मिळत होता. मी घेतला नाही, कारण तोपर्यंत टेलस्केल सापडलं.

सिंहगडरोडकर

१०० च्या पुढे ऐंशीच्या घरातलं काहीतरी आहे. म्हणजे तेच. टेलस्केल काय असतं?

हडपसरी

नॅसवर एक अ‍ॅप टाकायचं, फोनवर एक, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन. मग फोन आणि नॅस दोघंही आतून बाहेर फोन लावतात आणि मध्ये भेटतात. बाहेरून आत कुणी येत नाही, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही आणि राउटरला हातही लावावा लागत नाही. आतलं इंजिन वायरगार्ड या कुलूपबंद जोडणीच्या सॉफ्टवेअरचं आहे. घरगुती वापराला फुकट पुरतं. गंमत म्हणजे टेलस्केलही आपल्या यंत्रांना १००.६४ च्याच पट्ट्यातले पत्ते देतं, तेव्हा ते बघून 'इथेही सीजीनॅट!' म्हणून दचकू नका.

साताऱ्याहून बघताना वेग तुमच्या पुण्याच्या घरच्या अपलोडवर ठरेल. फोटो मजेत दिसतील. ४के व्हिडिओचा हट्ट धरू नका.

वाड्यातली_वहिनी

माझा एक भाबडा प्रश्न. आमच्या सदाशिवातल्या घरात राउटर बाहेरच्या खोलीत आहे आणि मधली भिंत दीड हाताची. फोन स्वयंपाकघरात असला तर नॅसचं अ‍ॅप 'डिव्हाइस सापडत नाही' म्हणतं. बाहेर आलं की सापडतं.

क्रिंपिंगवाला

वहिनी, स्वयंपाकघरात दुसरा वायफायचा डबा लावलाय का? तो नुसता जोडला की स्वतःचं वेगळं नेटवर्क काढून बसतो. फोन एका नेटवर्कवर, नॅस दुसऱ्यावर, मग सापडणार कसा? त्या दुसऱ्या डब्याला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाका. सेटिंगमध्ये याच नावाने असतं.

वाड्यातली_वहिनी

लावलाय. दिरांनी. त्यांना सांगते.

सिंहगडरोडकर

नवी वायर ओढली. नॅस आतच ठेवला, माउसपॅडवर. वेग ११० पर्यंत जातोय. पण आता नवीनच भानगड आहे.

बाबांच्या फाइल कॉपी होताना काही अडकतात, 'नाव फार लांब आहे' म्हणतो. नावं लांब आहेत खरी, भावाने हौसेने लिहिलीत: गाव, तिथी, पूर्वरंगाचा अभंग, उत्तररंगाचं आख्यान. पण लॅपटॉपवर तीच नावं चालतात. त्या फोल्डरला मी पासवर्डचं कुलूप लावलंय, त्याचा संबंध असेल का?

दुसरं त्याहून विचित्र. काही फायली भावाच्या जुन्या आयमॅकवरून आल्या, काही माझ्या लॅपटॉपवरून. आता 'दुसऱ्या दिवसाचं कीर्तन' नावाची दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसतात. नाव अक्षरशः एकच. 'पहिल्या दिवसाचं कीर्तन' मात्र एकच आहे. हे कसं शक्य आहे?

जोडाक्षर

अहाहा. ज्याची इतकी वर्षं वाट बघत होतो तो प्रश्न आला. जरा सविस्तर लिहितो, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खाली सरका.

आधी लांब नावाचं. फाइलचं नाव अक्षरांत नाही, बाइटमध्ये मोजलं जातं. लिनक्सवर, म्हणजे बहुतेक नॅसवर, मर्यादा २५५ बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरी चिन्हाला तीन. म्हणजे आपल्याला ८५ चिन्हं. विंडोज वेगळ्या मापाने मोजतं, तिथे आपल्यालाही २५५ मिळतात, म्हणून लॅपटॉपवर चाललं. आणि काही नॅसमध्ये फोल्डरला कुलूप लावलं की फाइलचं नावसुद्धा कुलूपबंद करून ठेवतात, त्यात जागा खर्च होते आणि मर्यादा १४३ बाइटवर येते. म्हणजे आपल्या वाट्याला ४७ चिन्हं. त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजलं जातं. 'कीर्तन' हा एवढासा शब्द सहा चिन्हांचा, १८ बाइट. 'ज्ञानेश्वर' ३० बाइट. तुमच्या भावाने तिथीसकट नाव लिहिलं म्हणजे ४७ कधीच ओलांडले. उपाय: नावं छोटी करा आणि सविस्तर माहिती शेजारी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा. किंवा फोल्डरचं कुलूप काढा. नव्या आवृत्त्यांत काही कंपन्या अख्खा व्हॉल्यूमच (डिस्कवरचा साठवणीचा भाग) कुलूपबंद करायची सोय देतात, तिथे १४३ ची अडचण येत नाही. पण त्यासाठी व्हॉल्यूम नव्याने बनवावा लागतो.

आता जुळी फोल्डर. दोषी अक्षर ऱ आहे. 'पहिल्या'त ते नाही, म्हणून ते फोल्डर एकच राहिलं. युनिकोडमध्ये ऱ ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९३१. पण तोच ऱ साधा र आणि त्याखाली नुक्ता (ठिपका) अशी दोन चिन्हं जोडूनही लिहिता येतो. डोळ्यांना फरक नाही. जुन्या मॅकची फाइलपद्धत, एचएफएस प्लस, नाव साठवताना अशी अक्षरं फोडून ठेवायची. २०१७ पासून मॅकवर एपीएफएस आली, ती नाव आहे तसं ठेवते. तुमच्या लॅपटॉपवर न फोडलेला ऱ, आयमॅकवर फोडलेला, आणि लिनक्स फक्त बाइट बघतो. त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं.

आणि तिसरी तऱ्हाही आहे. काही मराठी कीबोर्ड हा अर्धा र साधा र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडक लावून लिहितात. त्यामुळे 'किनाऱ्यावर' नावाची तीन फोल्डर एकाच जागी राहू शकतात. शोधताना एक टाइप केलं की एकच सापडतं आणि माणसाला वाटतं बाकीचे फोटो गेले.

उपाय: आयमॅकवरून पुन्हा आणायचं असेल तर आरसिंक हे कॉपीचं साधन वापरा, त्याच्या आयकॉन्व्ह पर्यायात अक्षरं लिहिण्याची मॅकची पद्धत आणि साधी यूटीएफ-८ या दोन्हींची नावं देता येतात, वाटेतच दुरुस्ती होते. आलेल्या फाइलसाठी कॉन्व्हएमव्ही नावाचं छोटं साधन आहे, ते नावं एकसारखी करतं. आधी नुसतं 'काय बदलेल ते दाखव' या पद्धतीने चालवा, ते मुळात तसंच चालतं. जोडकवाली तिसरी तऱ्हा मात्र त्याला कळत नाही, ती हाताने.

अवांतर: श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले दस्तऐवज कुणाकडे असतील तर ते नॅसच्या शोधात कधीच सापडणार नाहीत, आत साठवलंय ते देवनागरी नाहीच. वेळ मिळेल तसे युनिकोडमध्ये बदलून ठेवा.

औंधचा_एकटा

वाखूसा (वाचनखूण साठवली). हे कुठल्याही कंपनीच्या मदतपानावर सापडलं नसतं.

पेठेतला_पेन्शनर

कॅसेटवर पेनाने 'दुसऱ्या दिवसाचं' लिहिलं की एकच कॅसेट राहते. नोंद असावी.

कात्रजचा_कारभारी

सगळं ठीक, पण डबाच का घेतला? जुना पीसी पडलेला असेल तर त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट टाका किंवा ट्रूनॅस, पीसीचा नॅस करणारी सॉफ्टवेअरं. फुकट. डबेवाल्या कंपन्यांचा भरवसा नाही. २०२५ मध्ये सिनॉलॉजी या नॅसच्या कंपनीने प्लस मालिकेच्या नव्या डब्यांत स्वतःच्या यादीतल्याच डिस्क लावायची सक्ती केली होती. आरडाओरडा झाला म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, डीएसएम ७.३, आणून माघार घेतली. उद्या पुन्हा करतील.

बाणेरमधला_बापू

जुना पीसी वीज किती खातो ते बघा. दोन डिस्कचा डबा २० वॅट धरला तर महिन्याला १४-१५ युनिट. जुना डेस्कटॉप ६० वॅट धरला तर ४३. वर्षाचं मांडा आणि तुमच्या स्लॅबचा दर लावा.

कात्रजचा_कारभारी

बापू, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत.

औंधचा_एकटा

विजेवरून आठवलं. ताई, यूपीएस आहे का? आमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, ती निदान सांगून. पावसाळ्यात न सांगता. नॅस लिहीत असताना वीज गेली की नंतर तासन् तास दोन्ही डिस्क ताडून बघत बसतो, आणि नशीब वाईट असेल तर फाइलपद्धतच बिघडते. घरचा इन्व्हर्टर पुरेल असं समजू नका. त्याला बदली करायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात डबा बंद पडू शकतो. काही इन्व्हर्टरना मागे यूपीएस मोडची कळ असते, ती चालू असेल तर बहुधा निभावतं. पण इन्व्हर्टर नॅसला 'आता वीज गेली' हे सांगत नाही. यूएसबी पोर्ट असलेला छोटा यूपीएस घ्या, वायर नॅसला लावा, सेटिंगमध्ये चालू करा. पाच मिनिटांत वीज आली नाही तर नॅस स्वतः नीट बंद होतो. राउटरही त्याच यूपीएसवर.

सिंहगडरोडकर

यूपीएस नाही, आणते. बाकी रेड १ आहे म्हणजे बॅकअपची काळजी नाही ना?

क्रिंपिंगवाला

आहे.

औंधचा_एकटा

आहे!

हडपसरी

ताई, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर दुसरीवर काम चालू राहावं, एवढाच त्याचा उपयोग. तुम्ही चुकून फोल्डर पुसलं तर ते त्याच क्षणी दोन्हीवरून पुसलं जातं. व्हायरसने फाइल बिघडवली तर दोन्हीवर बिघडते. डबा चोरीला गेला, पाइप फुटून पाणी गेलं, तर दोन्ही एकदम. शिवाय एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या दोन डिस्क साधारण एकाच वयाच्या असतात हेही लक्षात ठेवा.

आज लगेच स्नॅपशॉट चालू करा, डब्याला बीटीआरएफएस ही फाइलपद्धत चालत असेल तर. फाइल पुसली तरी कालची प्रत परत काढता येते. रिसायकल बिन चालू करा. महिन्यातून एकदा स्क्रब लावा, तो सगळ्या डिस्क वाचून बघतो. आणि डिस्क सीएमआर (माग शेजारी शेजारी लिहिणाऱ्या) आहेत ना ते मॉडेल नंबरवरून बघा. एसएमआर डिस्कवर माग एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे रेडची पुनर्बांधणी करताना त्या रडतात. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' (लाल या अर्थी, रेड १ शी संबंध नाही) नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं बाहेर आलं, तेव्हापासून त्या मालिकेत सीएमआर हवी असेल तर 'रेड प्लस' असं बघून घ्यावं लागतं.

एवढं करून तिसरी प्रत घराबाहेर.

बाणेरमधला_बापू

आता एक वेगळा सूर लावतो. माझ्या मेहुण्याने हे सगळं केलं आणि शेवटी डबा विकला. तांत्रिक त्रास नव्हता, सगळं चालत होतं. पण घरात ते फक्त त्यालाच कळत होतं. तो कामासाठी जर्मनीला गेला, एक डिस्क मेली, डबा बीप बीप करत होता, आणि बहिणीने तो आवाज नको म्हणून बटण दाबून बंद करून ठेवला. परत आल्यावर त्याने सगळं उचलून क्लाउडवर २ टीबी भाड्याने घेतले. महिन्याचे पैसे जातात पण बायकोच्या फोनवर फोटो दिसतात. ताई, तुमच्या घरात तुमच्याशिवाय कुणाला येणार आहे हे?

कात्रजचा_कारभारी

भाडं एक महिना भरलं नाही की मग?

सिंहगडरोडकर

बापू, तुमचा मुद्दा मला पटतो आणि आवडत नाही, दोन्ही. आमच्याकडे नवऱ्याला येईल, शिकवीन. फोटोंपुरतं म्हणाल तर क्लाउड मलाही चाललं असतं. पण कीर्तनं मला दुसऱ्याच्या खात्यात ठेवायची नाहीत. तिकडे खातं कधी, कशासाठी बंद होईल आणि कुणाशी बोलायचं, हे मला माहीत नाही. इथे निदान तुम्ही आहात. डबा बीप करायला लागला की काय करायचं आणि पासवर्ड कुठे आहे, हे मराठीत एका कागदावर लिहून यूपीएसला चिकटवणार आहे. पासवर्ड नाही चिकटवणार, तो बँकेच्या कागदांत.

फोनचे फोटो आपोआप यावेत म्हणून भाच्याने नॅसवर इमिच हे फोटोंचं अ‍ॅप बसवून दिलं. छान आहे, चेहरे ओळखून माणसं वेगळी काढतं. त्याने आमच्या गौरींचे मुखवटे ओळखून एक स्वतंत्र व्यक्ती केली आहे, बऱ्याच वर्षांचे फोटो एकत्र. मी तिला नाव दिलं नाही अजून. पण नवऱ्याच्या फोनवरून फोटो मध्येच यायचे थांबतात.

औंधचा_एकटा

अँड्रॉइड असेल तर बॅटरी वाचवण्याच्या नादात फोनच अ‍ॅप झोपवतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला बॅटरीचं बंधन काढा. आयफोन असेल तर अधूनमधून अ‍ॅप उघडावंच लागतं, पार्श्वभूमीत ते फार वेळ काम करू देत नाहीत. आणि व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर वगळा, नाहीतर ४ टीबी सुप्रभातने भरेल.

जोडाक्षर

इमिचच्या माहितीचाही बॅकअप घ्या, नुसत्या फोटोंचा नको. नावं, अल्बम वगैरे डेटाबेसमध्ये असतात. त्याची प्रत नियमित काढायची सोय त्यातच आहे, ती चालू आहे का बघा.

सिंहगडरोडकर

बघितलं, चालू आहे. आता घराबाहेरची प्रत. भावाकडे साताऱ्याला जुना एक डिस्कचा नॅस पडून आहे. टेलस्केलवरून रोज रात्री तिकडे प्रत पाठवता येईल का? सगळं मिळून दीड टीबी आहे. आमचा प्लॅन १०० चा, पण अपलोड ५० च मिळतो.

हडपसरी

येईल. पण पहिली प्रत इंटरनेटवरून पाठवू नका. दीड टीबीला ५० एमबीपीएसने कागदावर पावणेतीन दिवस, प्रत्यक्षात जास्त, आणि तोवर घरात कुणाला काही बघता येणार नाही. भावाचा डबा पुण्याला आणा, तुमच्या राउटरला जोडा, पहिली प्रत घरातच करून घ्या, मग परत न्या. नंतर रोज फक्त नवीन फोटो जातील. बॅकअपच्या अ‍ॅपमध्ये डब्याचा पत्ता सुरुवातीपासूनच टेलस्केलचा द्या, म्हणजे साताऱ्याला नेल्यावर काही बदलायला नको. दोन्ही डबे एकाच राउटरवर असताना तो बहुधा घरातूनच जातो, लांबचा वळसा घेत नाही. आणि तिकडच्या प्रतीला कुलूप लावा, चावी तुमच्याकडे.

एक महत्त्वाचं: दोन-तीन महिन्यांनी तिथून एखादं कीर्तन परत काढून वाजवून बघा.

सिंहगडरोडकर

ठीक. शनिवारी भाऊ येतोय, त्यालाच डबा आणायला सांगते. सगळ्यांचे आभार.

नवा_सभासद_वारजे

उत्तम धागा. मलाही घ्यायचाय, दोन डिस्कचा घ्यावा की चारचा? घरात सीसीटीव्हीपण आहे.

क्रिंपिंगवाला

वेगळा धागा काढा, इथे हरवेल. कॅमेरे किती आणि वायर कुणी ओढली ते लिहा.